ठिगळाचे सामान

आपण मराठी माणसे पंक्चर ‘काढतो’; इकडची मंडळी ते ‘बनवतात’. जबलपूरला बदलून आल्यावर रांझीच्या रस्त्यावर ‘यहाँ पंचर बनाया जाता है’ ही पाटी मी प्रथम वाचली, तेव्हा हा गृहस्थ धडधाकट चाकाला भोक पाडून देतो की काय, अशी शंका मनास चाटून गेली. पुढे त्याची ओळख झाली. ‘काय बाबूजी’ म्हणून तो हाक मारतो, आणि त्या बुंदेली ‘काय’ने परमुलखात क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. जबलपुरात दिवस काढलेल्या मराठी वाचकांना हा अनुभव नवा नसेल. शहरात असेपर्यंत अशा माणसांच्या भरवशावर सुखाने राहता येते. चौकाचौकांत खांबाला टांगलेला जुना टायर दिसतोच. प्रश्न उभा राहतो तो शहर सोडल्यावर.

मला महिन्यातून दोनदा शहर सोडावे लागते. वडील नागपुरास एकटे राहतात. आई गेल्यावर त्यांना इकडे आणण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. परंतु आपले दूध, आपले वर्तमानपत्र आणि आपली गॅलरी सोडून ते येणार नाहीत. रेल्वेने जावे तर इटारसीवरून जाणारी गाडी भला मोठा वळसा घेते. सातपुड्यातून गोंदियाकडे जाणारी छोटी रेल्वे २०१५ साली बंद झाली. पुढे तेथे रुंद रूळ आले, तरी त्या वाटेचे वेळापत्रक माझ्या कचेरीशी जुळत नाही. सडक मात्र सरळ आहे. शुक्रवारी सायंकाळी कचेरी सुटली की मोटारसायकल काढायची आणि लखनादौन, सिवनी करीत रात्री उशिरा नागपूर गाठायचे, असा माझा क्रम आहे.

या वाटेवर सिवनी सोडल्यानंतर कुरईचा घाट आणि पेंचचे अरण्य लागते. किपलिंगने १८९४च्या ‘जंगल बुक’मध्ये आपल्या मोगलीला वाढविले ते याच सिवनीच्या डोंगरांत. आता तेथे काही ठिकाणी रस्ता उंच उचलून खालून जनावरांना वाट करून दिली आहे. वरून मोटारी धावतात आणि खालून वाघ जातो, अशी ही वाटणी. व्यवस्था उत्तम आहे. तथापि रात्री नऊ-दहाच्या सुमारास तेथे चाक बसले तर ‘काय बाबूजी’ म्हणणारे कोणी भेटत नाही, आणि माझा फोनही त्या टापूत मुका होतो. मला वाघाची तितकी भीती वाटत नाही. नागपुरास वडील दहा वाजल्यापासून गॅलरीत उभे असतात, तिची वाटते. तेव्हा पंक्चरचे सामान बरोबर बाळगावे, असे ठरले.

सरकारी माणसाने ठरविले की पुढे तीन दरपत्रके आणि तुलनात्मक तक्ता आलाच. आमचे एक सातारचे सहकारी या विषयातील अधिकारी पुरुष. त्यांनी आपली सुबक डबी दाखविली: भोक खरवडून साफ करणारी कानशीसारखी सळई, मोठ्या नेढ्याची सुई, आणि डिंकात भिजविल्यासारख्या चिकट वाती. खिळा उपटावा, भोक खरवडावे, वात सुईत ओवून आत दडपावी, सुई ओढून घ्यावी, उरलेली शेपटी कापून टाकावी. चाक काढण्याची गरज नाही; दहा मिनिटांत माणूस मार्गस्थ. मात्र भोक टायरच्या तळव्यावर हवे. कडेच्या भिंतीला चीर गेली असेल, तर तेथे वातीचे काही चालत नाही.

त्यांचे सारे म्हणणे खरे. परंतु त्यांची गाडी ट्यूबलेस आहे आणि माझी जुनी, तारांच्या चाकांची. या चाकाच्या धावेला प्रत्येक तारेगणिक एक भोक असते, त्यातून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब घालावी लागते. टायरच्या भोकात कितीही वाती कोंबल्या तरी आतली ट्यूब फाटलेली ती फाटलेलीच. बाजारात हीच डबी मला तीन ठिकाणी अगत्याने दाखविण्यात आली, आणि ‘गाडी कोणती?’ हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

ट्यूबवाल्याचे बिऱ्हाड मोठे. मागच्या आसाच्या नटाला बसणारा पाना, टायर उचकटायला दोन लिव्हर (तीन असल्यास देव पावला), पॉलिशपेपर, सोल्यूशन आणि ठिगळे. त्यातही सोल्यूशन ही मोठी लबाड वस्तू आहे. नळी एकदा फोडली की आतला द्रव हळूहळू उडून जातो, आणि जबलपूरच्या मे महिन्यात तर ऐन वेळी नुसते वाळलेले रबर हाती यावयाचे. म्हणून एक मोठी नळी घेण्याऐवजी तीन लहान, न फोडलेल्या घेतल्या. त्याहून शहाणपणाचे म्हणजे एक नवी ट्यूबच जवळ ठेवणे. अंधारात बारीक भोक शोधण्यापेक्षा ट्यूब बदलावी आणि जुनीला ठिगळ घरी आल्यावर लावावे.

हवेचा प्रश्न निराळा. अंगठ्याएवढ्या पोलादी नळीत कोंडलेला वायू क्षणात चाक फुगवितो, हे पाहून मी मोहित झालो होतो. पण मोटारसायकलच्या एका चाकाला तशा दोन-तीन नळ्या लागतात, हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, आणि उन्हात तापणाऱ्या पेटीत अशा नळ्या ठेवू नयेत असे त्यांच्यावरच छापलेले असते. बॅटरीवर चालणारा पंप चांगला खरा. परंतु माझ्या गाडीच्या बॅटरीचा मजवर फारसा लोभ नाही. अखेर हाताचा पंप घेतला. दंड भरून येतात, पण तो बिघडला तर का बिघडला हे तरी समजते.

नस्ती सक्षम अधिकाऱ्यापुढे, म्हणजे सौभाग्यवतींपुढे, गेली. त्यांनी एकच शेरा मारला: “अहो, हे सगळे घाटात रात्री तुम्हाला जमणार आहे का? आधी अंगणात करून दाखवा.”

रविवारी क्वार्टरच्या अंगणात गाडी डबल स्टँडवर चढविली. शेजारी आयुध-कारखान्यातले, अवजारांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. नवी ट्यूब किंचित फुगवूनच आत सारावी, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. आणि तत्पूर्वी हाताला फडके गुंडाळून टायर आतून चाचपावा, नाहीतर तोच खिळा नव्या ट्यूबचेही स्वागत करतो, या दोन गोष्टी त्यांनी शिकविल्या. पहिल्या खेपेस सव्वा तास लागला. पुढच्या रविवारी दिवे मालवून, सौभाग्यवतींनी धरलेल्या विजेरीच्या उजेडात, पाऊण तास. तेव्हा आणखी एक वस्तू यादीत चढली: कपाळाला बांधायची विजेरी. घाटात ती धरायला दुसरे कोणी नसणार.

ट्यूबलेस चाके बसवावीत, असे सातारकर अजूनही म्हणतात. त्या चाकातली हवा बहुधा सावकाश जाते, गाडी पुढच्या गावापर्यंत रेटता येते, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण तो खर्च नागपूरच्या बदलीच्या अर्जाचे काय होते ते पाहून करीन. त्या अर्जाला दोन वर्षे झाली.

वडिलांना मात्र मी फोनवर हिशेब समजावून दिला: “बाबा, तासभर उशीर झाला तर समजा चाक बदलतोय. दोन तास झाले तर मग इकडे फोन करा.”

“काहून?” ते म्हणाले, “पंक्चरले तासभर कायले लागते? आमच्या सायकलीचं दहा मिनिटात होये.”

तरी हिशेब त्यांनी मान्य केला. आता दहाऐवजी अकराला गॅलरीत येतो, असे ते सांगतात. शेजारच्या काकूंकडून कळते की दहालाच येतात.