शार्क, सूत्रकृमी आणि मी

आठवीच्या वर्गाला मी निबंध दिला होता: ‘सर्वांत भयंकर प्राणी’. निम्म्याहून अधिक मुलांनी शार्कवर लिहिलं. सगळे शार्क सिनेमातले, माणसं खाणारे.

मी त्यांना व्हेल शार्कची ओळख करून दिली. जगातला सर्वांत मोठा मासा, एसटी बसपेक्षाही लांब वाढू शकणारा. पण खातो काय? तोंड उघडून पोहतो आणि पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव, अंडी, बारीक मासे पोटात घेतो. उलट माणसानेच यकृतातल्या तेलासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची बेसुमार शिकार केली. शेवटी 2001 साली वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण द्यावं लागलं.

त्याच आठवड्यात शाळेच्या परसबागेतली वांगी सुकू लागली. सकाळी ताजी दिसणारी रोपं दुपारी माना टाकायची. पाणी घालायचं काम ज्या मुलाकडे होतं, त्याला मी सगळ्यांसमोर रागावलो. तो एवढंच म्हणाला, “सर, मैंने रोज पानी डाला.” माझा विश्वास बसला नाही.

दोन दिवसांनी एका पालकांनी रोप उपटून माझ्या हातात दिलं. ते शेतकरी आहेत. मुळांवर तसबीहच्या मण्यांसारख्या गाठी होत्या. “सूत्रकृमी आहेत, सर. पाण्याचा दोष नाही,” ते म्हणाले.

हा धाग्यासारखा कृमी. मुळात शिरणारं त्याचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतं. तोंडातल्या सुईने ते मुळातला रस शोषतं, मुळाला गाठी येतात आणि पाणी वर चढेनासं होतं. एकेक मादी शेकडो अंडी घालते. जमीन ओली असली तरी झाड तहानलेलंच राहतं.

वरवर पाहून माणसाविषयी मत बनवू नका, हे मी इथे कितीदा लिहिलं आहे. आमच्या वाट्याला ते अनेकदा येतं, म्हणून पोटतिडकीने लिहिलं आहे. आणि मी स्वतः एक मूळही न उपटता निवाडा दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. रागावलो होतो तेही सगळ्यांसमोरच ना! तो लाजला, काही बोलला नाही.

आता रोगट रोपं मुळांसकट काढून जाळली आहेत. त्या वाफ्यात झेंडू लावला आहे, त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात. पाणी तोच मुलगा घालतो.