पौलाची पत्रं आणि मम्मटाची कसोटी

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आमच्या वाशीमला. माझं गाव शिरपूर जैन याच जिल्ह्यातलं, अंतरिक्ष पार्श्वनाथाचं. इथल्या माणसाने आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींची ग्रीक पत्रं कशाला अभ्यासावीत, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर एकच असतं: आपलं अलंकारशास्त्र हाताशी असेल तर ती फार चांगली उलगडतात.

यातली सर्वांत जुनी पत्रं प्रेषित पौलाची, साधारण इ. स. 50 ते 60 या काळातली. तो मजकूर सांगे आणि लेखनिक उतरवून घेई. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तर्तियुस हा लेखनिक स्वतःचाही नमस्कार कळवतो. पत्र पोचलं की मंडळीसमोर मोठ्याने वाचलं जाई, त्यामुळे त्याची घडण भाषणाची. करिंथकरांना पौल बजावतो की आपण वक्तृत्वाचा डौल मिरवत आलो नाही. पण वक्तृत्व नाकारून बोलायला उभं राहणं ही ग्रीकांची जुनीच रीत. प्लेटोचा सॉक्रेटिसही न्यायसभेत तशीच सुरुवात करतो.

रोमकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय पाहा. संकटातून धीर येतो, धिरातून माणूस कसाला उतरतो आणि कसाला उतरलेल्या माणसाला आशा लाभते. आधीचं कार्य पुढच्याचं कारण होत जातं. ग्रीक शास्त्रात या रचनेला क्लायमॅक्स म्हणतात. आधी वक्तृत्वाचा शिक्षक असलेल्या ऑगस्टिनने पाचव्या शतकात नेमका हाच उतारा उलगडून दाखवला. काश्मीरचा अलंकारशास्त्रकार मम्मट वाचलेला विद्यार्थी पहिल्या वाचनातच सांगेल, ही कारणमाला.

फिलेमोनाला लिहिलेलं पत्र जेमतेम 25 वचनांचं. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम याला पौल परत पाठवतो आहे. अनेसिमाकडून तुला काही येणं असेल तर ते मी फेडीन, असं पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. लगेच पुढे म्हणतो, तू स्वतःच माझा ऋणी आहेस, हे मात्र मी बोलून दाखवत नाही. बोलत नाही म्हणता म्हणता बोलून टाकलं! सांगायचं तेच नाकारून अधिक ठसवणं, हा आपला आक्षेप अलंकार.

शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा ठेवला आणि अलंकार नाहीसा झाला, तर तो शब्दालंकार. टिकला तर अर्थालंकार, ही मम्मटाची कसोटी. भाषांतरात तर सगळेच शब्द बदलतात. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच वाक्यात ग्रीकमध्ये ‘प’ने सुरू होणारे पाच शब्द येतात. तो अनुप्रास मराठीत उतरत नाही. कारणमाला आणि आक्षेप मात्र जसेच्या तसे उतरतात.

मराठी भाषांतराचंच उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाईंचं. त्या संस्कृतात वाढलेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. साध्या बायाबापड्यांना कळावी अशी मराठी त्यांनी जाणीवपूर्वक निवडली. जडजंबाळ शब्द टाकून दिल्याने पौल फिका पडेल, ही भीती निराधार आहे. त्याचं बळ विचारांच्या मांडणीत आहे आणि मांडणीला सोपे शब्द पुरतात.

म्हणूनच माझं आग्रहाचं मागणं आहे की आपल्या महाविद्यालयांत अलंकार शिकवताना कालिदासाशेजारी पौलाचाही उतारा ठेवावा. मुलांना परीक्षेपुरती पाठ केलेली कारणमाला मग एका जिवंत युक्तिवादात काम करताना दिसेल, आणि मम्मटाची कसोटी काश्मीरपासून करिंथपर्यंत चालते हेही त्यांना स्वतः पडताळता येईल.