जुने यंत्र घेताना

माझ्या धाकट्या भावाने यंदा ट्रॅक्टरवर चालणारे, पऱ्हाटीचा भुगा करणारे जुने मल्चर घेतले. सुट्टीत गावी गेलो तेव्हा ते दुरुस्त करायला आम्ही दोघे बसलो. ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घातली. यंत्राखाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरू नये. रोटरची पाती झिजली होती, एक तुटले होते. एकाच बाजूला नवे पाते लावले की तोल जातो, यंत्र थरथरते आणि बेअरिंग खराब होते. म्हणून समोरासमोरची पाती जोडीने बदलली. गिअरबॉक्सचे ऑईल बदलले, पट्टे ताणले, ग्रीस भरले.

भाऊ म्हणाला, "दादा, झालं आता."

पण पीटीओ शाफ्टवर कव्हरच नव्हते. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकला, तर माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. पैशासाठी भाऊ कुरकुरला. मी म्हणालो, "सूनबाई आणि पोरं याच शेतात राबतात ना?" तो गप्प झाला. कव्हर आणले, दगड उडू नयेत म्हणून मागची रबरी झडपही बसवली, आणि मगच ट्रॅक्टर शेतात घातला.

बंधू-भगिनींनो, जुन्या यंत्राचा भाव ठरवताना कव्हराचे पैसे आधीच त्यात धरा.