आईची बरणी

२०१९च्या ऑगस्टात गोदावरीचं पाणी सायखेड्यात शिरलं, आमच्या घरातही आलं. वरच्या फळीवरची आईची लोणच्याची काचेची बरणी तेवढी वाचली. आई गेल्यावर ती रिकामीच होती. मागल्या साली लेक म्हणाली, "आप्पा, हिच्यात बाग लावू."

तळाला नदीतले खडे, त्यावर कोळशाचा चुरा, वर मळ्यातली माती. विहिरीच्या कपारीतला नेचा नि शेवाळ आणलं. मधोमध तिनं आईच्या भातुकलीतला पितळी तांब्या ठेवला. मी द्राक्षबागेचा माणूस. भरपूर पाणी ओतलं, झाकण लावलं. आठवड्यात नेचा कुजला. लेक चिडली, "आप्पा, पाणी जाणार कुठं?"

खरंच की! बंद बरणीत मातीतलं पाणी वाफ होऊन काचेला लागतं, थेंब होऊन परत मातीतच येतं. १८२९च्या सुमारास लंडनच्या डॉक्टर वॉर्डांना बंद बाटलीत उगवलेल्या नेच्यावरून हेच उमगलं होतं.

नवी माती भरली, नवा नेचा लावला. पाणी चारच चमचे. बरणी उन्हापासून लांब ठेवली. या खेपेला नेचा जगला.

आता पाऊस जोरात लागला की लेक सगळ्यात आधी ती बरणी माळ्यावर नेऊन ठेवते.