माउस कोणाच्या हातात?



गायरानाची लढाई रानात जितकी लढावी लागते, तितकीच कागदावरही लढावी लागते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. पण ताबा त्या तारखेआधीचा आहे हे सिद्ध करायचे कोणी? कसणाऱ्यानेच. दंडाची पावती, पंचनामा, गाव नमुना एक-ई मधली नोंद, जे काही पत्र्याच्या पेटीत उरले असेल ते पुढे करून. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन तुरुंगात गेले. त्यांची नातवंडे आज तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत.

सेनगाव, कळमनुरी, औंढा भागातले असे कागद आम्ही काही कार्यकर्ते मोबाईलवर फोटो काढून गोळा करतो. शेकडो फोटो, ना नाव, ना क्रम. त्यांची वर्गवारी करण्यासाठी मी संगणकावर एआय साहाय्यक बसवला. नुसता प्रश्नांची उत्तरे देणारा नव्हे, तर स्वतः माउस हलवणारा, फाईल उघडणारा, तिला नाव देणारा.

हे चालते कसे, ते आपल्या पोरांनी समजून घेतले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला नियमसंच जाहीर केला. पुढे इतर कंपन्यांनीही तो स्वीकारला. आपल्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा आणि साहाय्यकाच्या सेटिंगच्या फाईलमध्ये त्याचा पत्ता लिहायचा. मग साहाय्यक त्याच्यामार्फत स्क्रीनचा फोटो घेतो, काय दिसते ते वाचतो, क्लिक करतो, टाईप करतो, पुन्हा फोटो घेतो. इतकेच.

खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. तो प्रोग्रॅम माझ्या अधिकाराने चालतो. मला जे उघडता येते ते त्यालाही उघडता येते. आणि स्क्रीनचा फोटो दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. आमच्या फोटोंत लोकांचे आधार क्रमांक होते, अंगठे होते. म्हणून आधी त्या कुटुंबांना विचारले, ती जागा झाकली, संगणकावर वेगळे खाते काढले आणि त्यात फक्त एकाच फोल्डरची प्रत ठेवली. ‘प्रत्येक कृतीआधी विचार’ हा पर्याय चालू ठेवला. पासवर्ड आणि ओटीपी तर लांबच. एखाद्या वेबपेजवर दडवलेल्या मजकुरालाही साहाय्यक आपला हुकूम समजू शकतो, म्हणून त्या खात्यात ब्राउझर उघडायचाच नाही असे ठरवले.

काम झपाट्याने झाले. पण एका पावतीवरच्या फिकट शाईतला ८ त्याने ९ वाचला आणि १९८९ ची पावती १९९९ च्या फोल्डरात गेली. यंत्रासाठी तो एक अंक होता. त्या कुटुंबासाठी ती जमीन होती. दहा वर्षे पुढची तारीख म्हणजे दावाच बाद. फोल्डर माणसाने तपासला म्हणूनच ती पावती सापडली. तेव्हापासून आमच्याकडे तारीख दोन माणसे वाचतात. यंत्र फक्त गठ्ठे बांधते.

चळवळीत काहीजण म्हणतात, एआय हे भांडवलदारांचे हत्यार, हात लावू नका. काहीजण म्हणतात, आता हेच आपला उद्धार करणार. दोन्ही मते मला मान्य नाहीत. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात गांधीवादाचा यंत्रविरोध खोडून काढला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो आजही तसाच लागू आहे. ही सेवा फुकट नाही आणि तिची किल्ली परक्या कंपनीकडे आहे, हे विसरून चालणार नाही.

पिढ्यान्‌पिढ्या हात आपले होते आणि हुकूम दुसऱ्याचा. आज हात यंत्राचा आहे, तर हुकूम तरी आपला असला पाहिजे. म्हणून वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी हेही शिकवा: परवानगी कशी द्यायची, किती द्यायची आणि काढून कशी घ्यायची. यंत्र वापरा. पण सही करण्याआधी कागद आपल्या डोळ्यांनी वाचा.

जय भीम!