हिवाळ्याचे टायर

आमच्या राहाता-श्रीरामपूर भागात बर्फ पडत नाही. तरीही यंदा हिवाळ्याच्या टायरवरून आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली.

आमचा धंदा बागवानीचा. पेरू-डाळिंबाच्या बागा उक्त्या घ्यायच्या आणि फजरची नमाज झाली की तोडणीच्या बायांना फोर-व्हील जीपमधून शेतावर न्यायचे. हाच उसाचाही हंगाम. ट्रॉल्यांच्या चाकांना लागून आलेली काळी माती डांबरावर पडते आणि त्यावर दव पडले की रस्ता तुपासारखा निसरडा होतो. चारीला पाणी सुटलेले असले तर बागेच्या वाटेवर नुसता चिखल.

भाईजानला एका दुकानात परदेशी, वापरलेले टायर निम्म्या भावात मिळत होते. त्यांवर डोंगर आणि हिमकणाची खूण होती. 'थंडीचेच टायर आहेत,' असे दुकानदाराने सांगितले. ती खूण खोटी नसते. पण ती बर्फाची. साधारण ७ अंशांखाली साधे रबर कडक होऊ लागते, म्हणून बर्फाळ देशांत मऊ रबराचे टायर लावतात. आपल्याकडे पहाटे गारठा असला तरी दुपारी डांबर तापते. तिथे ते मऊ रबर लवकर झिजते आणि ब्रेकलाही कमी पडते. त्यावरचे बारीक काप बर्फाला धरतात, पण काळी चिकट माती त्यांत भरून बसते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते मी अब्बांना वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१६ म्हणजे २०१६ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी रबर जुने झालेले असते.

मग घ्यायचे कोणते? केवळ डांबरावर चालणाऱ्या गाडीला एचटी पुरे. रुंद खाचांचा एमटी चिखल झटकून टाकतो, पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी आणि आवाज फार. आमचा निम्मा रस्ता डांबरी, निम्मा शेताचा. म्हणून दोन्हींच्या मधला एटी ठरला. माप कंपनीने दिलेलेच ठेवले.

खरा प्रश्न पैशांचा होता. भाईजान म्हणाला, "सध्या मागचे दोनच बदलू." पण फोर-व्हील गाडीत पुढचे-मागचे टायर कमीजास्त झिजलेले असले तर चाकांचा घेर जुळत नाही आणि गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. चारही एकदम घ्यायचे तर अब्बांनी उमराहसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागणार होता. अम्मी गप्प बसली होती.

अब्बा म्हणाले, "बाया आपल्या भरवशावर गाडीत बसतात. घरी त्यांची लेकरं वाट बघतात. ही अमानत आहे. उमराह नशिबात असेल तर अल्लाह करवून घेईल."

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या दारात उंट नाही, गाडी आहे. तिचा टायर पाहणे हेही बांधणेच आहे.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थंडीत टायरमधली हवा आपोआप उतरते, म्हणून ती सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासावी. आणि खाचेतली नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावाच. खाचेतला छोटा उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला की ती वेळ आली असे समजावे. पावसाळ्यात आणि चिखलात तर त्याच्या आधीच बदललेला बरा.

उमराहची रक्कम आम्ही पुन्हा जमवतो आहोत. यंदाच्या पेरूच्या पट्टीतून पहिला हप्ता बाजूला पडला, अल्हम्दुलिल्लाह.