आधी घरातला इंडेक्स

डेटाबेस शिकवताना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो : शब्दांचे रोजचे अर्थ वर्गाबाहेर ठेवा, व्याख्या नीट पाठ करा, गोंधळ होणार नाही. हे मत आता मी सोडलं आहे.

नाशिकला माझ्याकडे येणारी मुलं निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची. प्रॅक्टिकलच्या जर्नलचं पहिलं पान म्हणजे त्यांचा इंडेक्स. तिथे प्रयोग ओळीने लावलेले असतात. म्हणून ती विचारतात, इंडेक्स केला की टेबलातल्या नोंदीही क्रमाने लागतात का? घरी खरेदीखताबरोबर ‘इंडेक्स टू’ जपून ठेवलेला असतो. त्यातून दुसरा प्रश्न येतो : टेबलातली नोंद पुसली तरी इंडेक्समध्ये ती राहतेच ना? असे प्रश्न मला अभ्यास न केल्याचं लक्षण वाटत. पण दोन्ही तर्काला धरून आहेत. पहिल्याचं उत्तर तर जाणकारालाही सांभाळून द्यावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्लस्टर्ड इंडेक्स असेल तर टेबलच त्या क्रमाने रचलेलं असतं. पोस्टग्रेसमधली ‘क्लस्टर’ आज्ञा क्रम एकदाच लावते, नंतर आलेल्या नोंदी तो पाळत नाहीत.

माझं मन वळवलं ते १९०८ च्या नोंदणी कायद्याने. त्याच्या कलम ५५ मध्ये चार सूची, म्हणजे इंडेक्सच, सांगितल्या आहेत. त्यांपैकी सूची क्रमांक १ दस्त करून देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नावांची, क्रमांक २ मिळकतीच्या तपशिलाची. दस्त तेच, शोधायच्या वाटा दोन. गट नंबर ठाऊक आहे आणि हाती फक्त नावांची सूची आहे, तर दस्तन् दस्त चाळावा लागेल. डेटाबेसचंही तेच होतं : इंडेक्स नावावर आणि शोध गट नंबरचा, मग सगळं टेबल वाचणं आलं. शिवाय प्रत्येक नव्या दस्तामागे सूचीतही नोंद करावी लागते. इंडेक्स वाढवत नेले की माहिती भरायला वेळ लागतो तो त्यामुळेच.

घरातला ‘इंडेक्स टू’चा कागद हा सूची क्रमांक २ मधला एका दस्तापुरता उतारा आहे, अख्खी सूची नव्हे, एवढं सांगितलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं आपणहून देतात : पुसलेली नोंद डेटाबेसच्या शोधात येणार नाही.

संगणक शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी मुलांना विचारा, इंडेक्स म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं? आणि जे उत्तर येईल, तिथूनच तास सुरू करा.